राजा नावाचा, धनी कामाचा

अकोला जिल्ह्यात अकोटच्या उत्तरेला, सातपुड्याच्या कड्यावर नरनाळा किल्ला आहे. शहानूरच्या बाजूने वर चढताना एकामागून एक दरवाजे लागतात, आणि त्यांतला महाकाली दरवाजा येणाऱ्याला हमखास थांबवतो. पांढरट वालुकाश्म, त्यावर कोरलेली कमळे, दोन्ही अंगांना पुढे आलेले सज्जे, दगडी जाळ्या आणि वर कोरलेला लेख. हे काम १४८६-८७ सालचे. राज्य चालू होते बहमनी घराण्यातल्या शहाबुद्दीन महमूदशाहाचे. बांधणारा होता वऱ्हाडचा सुभेदार फतहुल्ला इमाद-उल-मुल्क.

लेखातला सुलतान तिकडे बिदरला होता. १४८२ मध्ये तो गादीवर बसला तेव्हा बारा वर्षांचा होता, आणि दरवाजा उभा राहिला तेव्हा जेमतेम सोळा-सतरा वर्षांचा. दरबार सरदारांच्या भांडणांनी पोखरलेला. वऱ्हाडात त्याचा शब्द चालत नव्हता. चालत होता तो फतहुल्लाचा. तरीही दगडावर मान सुलतानाच्या नावाला मिळाला. वऱ्हाडच्या राजघराण्यांचा पुढचा साडेचारशे वर्षांचा इतिहास वाचताना हा दरवाजा डोळ्यांसमोर ठेवावा, कारण या मुलखात ज्याचे नाव घेतले जाई त्याच्या हाती कारभार असेच असे नाही. नाव आणि सत्ता एकाच माणसाकडे असण्याचा काळ फार थोडा. तो काळ म्हणजे फतहुल्लाच्या घराण्याची इमादशाही, आणि शाळेच्या पुस्तकांनी तिला पाच शाह्यांच्या यादीतल्या एका ओळीत संपवून टाकले आहे. या घराण्याला न्याय मिळालेला नाही, हे सरळ म्हटले पाहिजे.

त्याआधी वऱ्हाडला समर्थ राजा मिळालाच नव्हता असे मात्र नाही. वाकाटकांची एक शाखा वत्सगुल्म म्हणजे आजच्या वाशीमला होती. दुसऱ्या शाखेतल्या दुसऱ्या प्रवरसेनाने पाचव्या शतकात अचलपूरजवळच्या चर्मांक गावाची जमीन एक हजार ब्राह्मणांना दान दिली. ते गाव म्हणजे आजचे चम्मक, अमरावती जिल्ह्यातले. तो ताम्रपट मिळाला आहे, आणि त्यातल्या अटी वाचण्यासारख्या आहेत. दान घेणाऱ्यांनी राज्याशी द्रोह करू नये, चोरी, व्यभिचार, ब्रह्महत्या यांत सापडू नये, राजाला विष घालू नये, लढाया करू नयेत, इतर गावांना त्रास देऊ नये. तोवर जमीन त्यांची. नाहीतर राजा ती काढून घेईल आणि तसे करण्यात त्याला चोरीचा दोष लागणार नाही. एका गावाच्या दानपत्रात इतका स्पष्ट धाक घालू शकणारा राजा आपल्या मुलखाचा खरा धनी होता.

यादवांच्या शेवटच्या दिवसांत मात्र हे बदलले. १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून गेला तो अचलपूरच्या वाटेने. तहात रामदेवरावाला अचलपूर प्रांताचा वसूल दिल्लीकडे लावून द्यावा लागला. मुलूख यादवांचा, पैसा दुसऱ्याचा. पुढे १३४७ मध्ये बहमनी राज्य उभे राहिले आणि वऱ्हाड त्याच्या चार प्रांतांपैकी एक झाला. अहमदशाह बहमनीने चिखलदऱ्याजवळ गाविलगड बांधून काढला. त्यानंतर पन्नासेक वर्षांनी महमूद गवान या कर्तबगार वजिराने सुभेदारांची ताकद कमी करण्यासाठी चारांचे आठ प्रांत केले. वऱ्हाडचे गाविल आणि माहूर असे दोन तुकडे पडले. गाविल फतहुल्लाकडे आला. १४८१ मध्ये खोट्या पत्राच्या आधारे गवानाला मारण्यात आले, आणि त्यानंतर बिदरचा हुकूम मानण्याचे कारण कुणालाच उरले नाही.

फतहुल्ला होता कोण? फिरिश्ता हा विजापूरच्या दरबारी राहून लिहिणारा इतिहासकार सांगतो की तो विजयनगरच्या मुलखातल्या कानडी ब्राह्मणाचा मुलगा. लढाईत लहानपणी पकडला गेला, मुसलमान झाला, आणि वऱ्हाडचा सुभेदार खानजहान याच्या पदरी वाढला. आधी त्याचा अंगरक्षक, मग सरदार, शेवटी त्याच सुभेदारीचा मालक. गाविलगडाच्या दिल्ली दरवाजावर सिंह आणि दोन तोंडांचा गंडभेरुंड कोरलेला आहे, आणि त्या पक्ष्याने हत्ती पकडलेले आहेत. गंडभेरुंड हे विजयनगरच्या बाजूचे राजचिन्ह. मेळघाटातल्या किल्ल्यावर ते कसे आले, याचे उत्तर अभ्यासक फतहुल्लाच्या जन्मकथेत शोधतात, आणि ते पटण्यासारखे आहे. धर्म, भाषा, मुलूख, धनी, सगळे बदललेल्या माणसाने आपल्या दारावर लहानपणच्या राज्याची खूण ठेवली असेल तर त्याचे मन समजायला दुसरा कागद लागत नाही.

१४९० च्या सुमारास अहमदनगरचा अहमद निजाम, विजापूरचा यूसुफ आदिल आणि फतहुल्ला यांनी बिदरचे जू उतरवले. अचलपूर राजधानी झाली. उत्तरेला मेळघाटाचे डोंगर, दक्षिणेला अजिंठ्याची रांग, मध्ये पूर्णेच्या काळ्या मातीचे पयानघाट. राज्य आटोपशीर आणि श्रीमंत. गाविलगड आणि नरनाळा हे त्याचे दोन पहारेकरी. फतहुल्ला १५०४ मध्ये वारला आणि मुलगा अलाउद्दीन गादीवर आला.

अलाउद्दीनचे सगळे आयुष्य एका गावापायी गेले म्हटले तरी चालेल. ते गाव पाथरी, आज परभणी जिल्ह्यात. अहमदनगरच्या निजामशाहीचा मूळ पुरुषही जन्माने ब्राह्मणच, आणि त्याच्या पूर्वजांकडे पाथरीचे कुलकर्णीपण होते असे फिरिश्ता सांगतो. सुलतान झाल्यावर या घराण्याला आपले वडिलोपार्जित गाव हवेसे झाले. पाथरी इमादशाहीत होती. बुऱ्हाण निजामशाहाने बदल्यात दुसरा परगणा देऊ केला, अलाउद्दीनने नाकारले. १५१८ मध्ये बुऱ्हाणने पाथरी जिंकून घेतली आणि गावातल्या आपल्या ब्राह्मण नातेवाइकांना ती इनाम देऊन टाकली. दोन सुलतान, दोघांचीही मुळे ब्राह्मण घरात, आणि भांडण वतनाच्या गावाचे. दख्खनच्या त्या काळाकडे फक्त धर्माच्या चष्म्यातून पाहणाऱ्यांनी पाथरीची ही हकीकत एकदा वाचावी.

अलाउद्दीनने गोवळकोंड्याची मदत घेऊन पाथरी परत मिळवली, ती पुन्हा गेली, आणि संतापाच्या भरात त्याने एक चूक केली. त्याने गुजरातच्या बहादूरशाहाला मदतीला बोलावले. बहादूरशाह मोठी फौज घेऊन दख्खनमध्ये उतरला आणि भांडणाऱ्या दोघांनाही त्याने आपल्या नावाचा खुत्बा वाचायला, म्हणजे आपले वर्चस्व कबूल करायला, लावले. शेजाऱ्याविरुद्ध तिसऱ्याला बोलावले की तो तिसरा दोघांवर बसतो, हे वऱ्हाडने इथे पहिल्यांदा अनुभवले. पुढेही अनुभवले.

तरीही राज्य टिकले, ते बऱ्याच अंशी सोयरिकींच्या जोरावर. अलाउद्दीनची बायको खदीजा विजापूरच्या यूसुफ आदिलशाहाची मुलगी. १५३० च्या सुमारास गादीवर आलेल्या दर्या इमादशाहाने बहीण विजापूरला दिली आणि मुलगी दौलतशाह अहमदनगरच्या हुसेन निजामशाहाला. हाच खेळ त्याच काळात पार युरोपात पोलंडचे यागिएलो घराणे खेळत होते. ज्या १४९० मध्ये फतहुल्ला स्वतंत्र झाला, त्याच वर्षी पोलंडच्या राजाचा एक मुलगा, आधीच बोहेमियाचा राजा असलेला, हंगेरीच्या गादीवरही बसला. लग्ने, आहेर, नातेसंबंध यांच्या बळावर मध्य युरोपचा केवढा तरी पट्टा त्या एका घराण्याकडे आला. दर्या इमादशाहाचे राज्य त्या मानाने चिमुकले, पण त्याची बत्तीसेक वर्षे वऱ्हाडला बऱ्यापैकी शांतपणे मिळाली. हे श्रेय त्याच्या पदरात टाकलेच पाहिजे. लढाया टाळणाऱ्या राजांची नावे बखरीत मागे पडतात.

सोयरिकीला एक मर्यादा असते: वारस लहान असला की ती कामाला येत नाही. १५६२ मध्ये दर्या वारला. मुलगा बुऱ्हाण लहान होता. वजीर तुफालखानाने कारभार हाती घेतला आणि थोड्याच काळात बाल राजाला नरनाळ्यावर कैदेत टाकले. बुऱ्हाणच्या नावाने राज्य, तुफालखानाच्या हुकमाने कारभार. ज्या किल्ल्याचा दरवाजा पणजोबाने नामधारी सुलतानाच्या काळात उभारला, त्याच किल्ल्यात पणतू स्वतः नामधारी सुलतान होऊन बंदिवान राहिला.

१५६५ च्या राक्षसतागडीच्या लढाईत दख्खनचे सुलतान विजयनगरविरुद्ध एक झाले, पण वऱ्हाड त्यांत नव्हता. आधीच्या एका युद्धात वऱ्हाडचा सेनापती जहांगीरखान अहमदनगरच्या मदतीला गेला होता, आणि विजयनगरच्या रामरायाशी तह करण्यासाठी हुसेन निजामशाहाने त्यालाच मारून टाकले होते. मदतीला आलेल्या माणसाचे असे झाल्यावर वऱ्हाडने त्या मोहिमेत उतरायचे तरी कसे? दूर राहणे बरोबरच होते, पण त्याची किंमत पडली. विजयनगर पडल्यावर अहमदनगरचे हात मोकळे झाले. मुर्तझा निजामशाहाने १५७२ मध्ये वऱ्हाडवर स्वारी केली. जाहीर कारण काय? तुफालखानाच्या कैदेतून खऱ्या राजाची, बुऱ्हाण इमादशाहाची, सुटका करणे. नरनाळ्याला वेढा पडला. गाविलगड तुफालखानाचा मुलगा लढवत होता. १५७४ मध्ये दोन्ही गेले. सुटका करायला आलेल्यांनी बुऱ्हाण, तुफालखान आणि त्यांची माणसे या सगळ्यांना पुन्हा एका किल्ल्यात कोंडले, आणि तिथेच ते मेले. फतहुल्लाचे घराणे संपले.

त्याच सुमारास पोलंडची गादीही रिकामी झाली होती. यागिएलोंचा शेवटचा राजा, दुसरा झिग्मुंट ऑगस्ट, १५७२ मध्ये निपुत्रिक वारला. तिथल्या सरदारांनी यावर वेगळाच तोडगा काढला: राजा निवडायचा. १५७३ मध्ये वॉर्साजवळच्या मैदानात हजारो सरदार जमले आणि त्यांनी फ्रान्सच्या राजपुत्राला, आँरीला, निवडले. त्याच्याकडून आधी अटी कबूल करून घेतल्या. १५७४ च्या फेब्रुवारीत त्याचा राज्याभिषेक झाला आणि जूनमध्ये, भाऊ मेल्यामुळे फ्रान्सची गादी मोकळी झाल्याचे कळताच, तो रात्रीतून पळून गेला. वऱ्हाडात त्याच वर्षी राजा कैदेत होता, पोलंडमध्ये राजा फरार होता. पण पोलंडच्या सरदारांनी दुसरा राजा निवडला आणि राज्य आणखी दोनशे वर्षे चालले. वऱ्हाडच्या सरदारांना असे जमण्याची मुळीच संधी मिळाली नाही, कारण निर्णय अचलपूरला होणार नव्हता, अहमदनगरला होणार होता.

पुढचा प्रवास वेगाने सांगता येतो. १५९६ मध्ये चांदबिबीने अहमदनगर वाचवले आणि तहात वऱ्हाड अकबराला दिला. शाहजादा मुराद बाळापूरजवळ शाहपूर वसवून राहिला आणि १५९९ मध्ये वारला. बाळापूरच्या किल्ल्याचे काम औरंगजेबाचा मुलगा आझमशाह याने सुरू केले आणि ते १७५७ मध्ये अचलपूरचा नवाब इस्माईलखान याने पूर्ण केले. मधल्या काळात मोगलांचे राज्य इथून निघून गेले होते. १७२४ मध्ये साखरखेर्डा इथे निजाम-उल-मुल्काने मोगल सुभेदार मुबारिजखानाला हरवले आणि दख्खन आपल्या हाती घेतली. तरी कागदोपत्री तो दिल्लीच्या बादशहाचा सुभेदारच राहिला.

दरम्यान १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथ पेशव्यांनी दिल्लीहून दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा आणल्या. चौथाई म्हणजे वसुलाचा चौथा हिस्सा, सरदेशमुखी म्हणजे वर आणखी दहावा. वऱ्हाडात हा हक्क नागपूरकर भोसल्यांकडे आला. मग गावोगाव दोन अंमलदार दिसू लागले, एक मुगलाईचा म्हणजे निजामाचा, एक भोसल्यांचा. याला लोक दोअमली म्हणत. पाटलाला दोघांचेही शिपाई सांभाळावे लागत. दुष्काळात एकाने सूट दिली तरी दुसरा देईलच असे नसे. राजांच्या इतिहासात पाटील-कुळंब्यांचे हाल सहसा येत नाहीत, पण दोअमलीचा खरा अर्थ त्यांनाच कळला.

यात आणखी एक गमतीशीर पण महत्त्वाची गोष्ट घडली. इंग्रज आपल्या पत्रांत नागपूरच्या भोसल्यांना ‘बेरारचा राजा’, म्हणजे वऱ्हाडचा राजा, म्हणू लागले. निजामाच्या नावाचा मुलूख, वसूल दोघांचा, आणि किताब नागपूरला. १८०३ मध्ये दुसऱ्या रघुजी भोसल्यांची फौज आर्थर वेलस्लीसमोर २९ नोव्हेंबरला अकोला जिल्ह्यातल्या अडगावच्या मैदानात हरली. १५ डिसेंबरला गाविलगड पडला; किल्लेदार बेनीसिंग लढता लढता मारला गेला. दोन दिवसांनी देवगावचा तह झाला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड भोसल्यांकडून गेला. गाविलगड आणि नरनाळा मात्र काही वर्षे त्यांच्याकडेच राहिले. बेनीसिंगाने जो किल्ला जीव देऊन लढवला, तो तहात परत मिळणार होता, हे वाचताना आजही जीव हळहळतो.

आता वऱ्हाड पूर्णपणे निजामाचा झाला, पण धनी पुन्हा दुसरेच. दिवाण चंदूलालच्या काळात दौलत कर्जात बुडाली आणि वसुलीचे मक्ते सावकारांकडे गेले. हैदराबादचा सावकार पूरणमल वऱ्हाडच्या बऱ्याच भागाचा मक्तेदार झाला. त्याच्यानंतर पेस्तनजी आणि कंपनी हे पारशी व्यापारी आले. ते निदान कामाचे होते: १८२५-२६ मध्ये वऱ्हाडचा कापूस पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर मुंबईला त्यांनीच पाठवला, शेतकऱ्यांना आगाऊ रकमा दिल्या, खामगावला कापूस दाबण्याचे यंत्र बसवले. उसने दिलेल्या पैशाच्या बदल्यात त्यांना वऱ्हाडचा वसूल लावून दिला होता. १८४३ मध्ये चंदूलाल पायउतार होताच नव्या कारभाऱ्यांनी तो परत मागितला. मग इंग्रजांची पाळी आली. हैदराबाद कंटिंजंट या फौजेचा खर्च थकला म्हणून १८५३ मध्ये डलहौसीने वऱ्हाडचा कारभार कंपनीकडे घेतला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नागपूरचे तिसरे रघुजी वारले आणि पुढच्या वर्षी नागपूरही खालसा झाले.

निजामाचे दिवाण सालारजंग वऱ्हाड परत मिळवण्यासाठी वर्षानुवर्षे झटले, लंडनपर्यंत गेले. मिळाला नाही. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने मीर महबूब अली खान यांच्याकडून वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेतला: वर्षाला २५ लाख रुपये खंड, आणि मुलूख निजामाचाच असल्याची कबुली. वऱ्हाड मध्य प्रांताला जोडण्यात आला. पुढचे निजाम मीर उस्मान अली खान यांनी १९२५ मध्ये वऱ्हाडवरचा आपला हक्क पुन्हा मागितला. त्याला उत्तर म्हणून लॉर्ड रीडिंगने मार्च १९२६ मध्ये जे पत्र पाठवले, त्यात हिंदुस्थानात ब्रिटिश बादशहाचीच सत्ता सर्वोच्च आहे आणि कुठलाही संस्थानिक तिच्याशी बरोबरीने बोलू शकत नाही, असे बजावले होते. संस्थानांच्या इतिहासात हे पत्र पायाभूत मानले जाते. ते वऱ्हाडपायी लिहिले गेले, हे अमरावती-अकोल्याच्या वाचकाने लक्षात ठेवायला हवे.

किताब म्हणजे काय चीज असते, हे पोलंडकडे पाहिले की अधिक कळते. १७७२, १७९३ आणि १७९५ अशा तीन वाटण्यांत रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रियाने तो देश गिळला. शेवटचा राजा स्तानिस्लाव ऑगस्ट पोन्यातोव्स्की याला गादी सोडायला लावली. १७९७ च्या करारातल्या एका गुप्त कलमात तिन्ही राज्यांनी ठरवले की पोलंडच्या राज्याचे नाव कुठल्याही किताबात पुन्हा येऊ द्यायचे नाही. नावाचीच त्यांना धास्ती होती. १८१५ मध्ये व्हिएन्नाच्या परिषदेनंतर मात्र रशियाच्या झारने ‘पोलंडचा राजा’ हा किताब स्वतःच घेतला, आणि तो रशियाच्या सम्राटांकडे १९१७ पर्यंत राहिला.

वऱ्हाडमध्ये इंग्रजांना नावाची धास्ती नव्हती. नाव देऊन ते मुलूख ठेवत होते. १९३६ च्या करारानुसार निजाम ‘हैदराबाद व बेरारचे’ निजाम झाले, वऱ्हाडात ब्रिटिश निशाणाबरोबर त्यांचे निशाण लावायची मुभा मिळाली, आणि त्यांचे थोरले पुत्र आझम जाह ‘प्रिन्स ऑफ बेरार’ झाले. आझम जाह यांचे लग्न १९३१ मध्ये फ्रान्समधल्या नीस शहरात दुर्रुशेहवार यांच्याशी झाले होते. त्या तुर्कस्तानच्या शेवटच्या खलिफाच्या, दुसऱ्या अब्दुलमजीदच्या, कन्या. खिलाफत १९२४ मध्येच बरखास्त झाली होती आणि खलिफा परदेशी राहत होते. उस्मानी घराण्याची ही राजकन्या ‘प्रिन्सेस ऑफ बेरार’ म्हणून जगभर ओळखली गेली. पूर्णाकाठच्या कापसाच्या मुलखाचे नाव त्यामुळे युरोपातल्या वर्तमानपत्रांत गेले, पण त्या मुलखाचा कारभार नागपूरच्या सरकारी कचेऱ्यांतून चालत होता.

१९४७ उजाडले तेव्हा वऱ्हाडच्या भवितव्याची बोलणी राजवाड्यात झालीच नाहीत. मराठी मुलखाच्या पुढाऱ्यांनी ८ ऑगस्टला अकोल्यात बसून संयुक्त महाराष्ट्रात विदर्भाचे स्थान काय असावे यावर करार केला. निजामाचा हक्क १९४८ च्या सप्टेंबरमधल्या हैदराबादच्या कारवाईने निकालात निघाला. १९५६ मध्ये वऱ्हाड द्विभाषिक मुंबई राज्यात आला. आझम जाह हैदराबादचेही राजे कधी झाले नाहीत, कारण वडिलांनी त्यांना वगळून नातू मुकर्रम जाह यांना वारस केले. १९७० मध्ये आझम जाह वारले. पुढच्याच वर्षी २६ व्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांची मान्यता आणि तनखे रद्द केले. तोवर अमरावती आणि अकोला महाराष्ट्राचे जिल्हे होऊन अकरा वर्षे झाली होती.